बंदुकीची साक्ष

गेल्या पावसाळ्यांत आमच्या एका भाच्यानें अमेरिकेहून आम्हांस एका जुन्या बंदुकीचीं सहा छायाचित्रें पाठविलीं आणि खालीं दोनच ओळी लिहिल्या : "मामा, ही खरी कीं खोटी तेवढें सांगा. लिलाव चार दिवसांनीं संपतो." हा लिलाव म्हणजे मांडवांत जमलेल्या मंडळींपुढें हातोडा आपटून होणारा जुन्या चालीचा लिलाव नव्हे. वस्तु एका गांवीं, विकणारा दुसऱ्या आणि घेणारा तिसऱ्याच खंडांत, असा हा आंतरजालावरचा बाजार आहे. तेथें वस्तु कोणी हातांत घेत नाहीं. पडद्यावर चित्रें दिसतात, चित्रांखालीं विकणाराचें वर्णन असतें, आणि ठरलेल्या घटकेपर्यंत जो सर्वांत चढी बोली करील त्याच्या पदरांत ती वस्तु पडते.

या बंदुकीचें वर्णन मोठें भारदस्त होतें. मार्टिनी-हेनरी जातीची, एन्फील्डच्या सरकारी कारखान्यांत इ. स. १८७८ मध्यें बनलेली, आणि मैवंदच्या लढाईंत मुंबई इलाख्याच्या एका हिंदी शिपायाच्या हातून अफगाणांनीं हिसकावून घेतलेली, असें त्यांत म्हटलें होतें. भाच्याचा जीव या शेवटच्या कलमांत अडकला होता. त्याचे खापरपणजोबा मुंबईच्या पहिल्या ग्रेनेडियर पलटणींत शिपाई होते, आणि मैवंदहून जे जिवंत परत आले त्यांत ते एक. त्यांचें रुप्याचें पदक त्याच्या वडिलांच्या घरीं देवघरांतील फडताळांत अद्यापि आहे. "त्यांचीच बंदूक असेल असें मी म्हणत नाहीं, मामा, पण तसली तरी असेल ना?" असें त्यानें दुसऱ्या दिवशीं दूरध्वनीवर विचारलें. त्याच्या या 'तसली तरी'नें आम्हांस कामाला लावलें.

आम्ही शस्त्रांचे संग्राहक नव्हे, आणि बंदूक उडविण्याचा प्रसंग आमच्यावर कधीं आलेला नाहीं. परंतु जुन्या कागदांत आमचीं पुष्कळ वर्षें गेलीं आहेत, आणि इनामांच्या चौकशांचीं जुनीं दप्तरें ज्यांनीं चाळलीं आहेत त्यांस बनावट सनद चांगली ओळखीची असते. सनद बनविणारा शिक्का फार जपून उठवितो, कारण सर्वांची नजर प्रथम तेथेंच जाते हें तो जाणून असतो. तो फसतो तो तिथि, वार आणि सुहूर सन यांचा मेळ बसवितांना. किंवा ज्या साली जो माणूस मरून गेला होता त्याच्याकडून त्याच साली पत्र लिहवून घेतांना. शिक्का खोटा आहे म्हणून सनद खोटी ठरली असें क्वचित् घडतें. बहुतेक वेळां शिक्क्याच्या आजूबाजूचें जगच सनदेशीं जुळत नाहीं. बंदुकीचेंहि असेंच असावें, असें आमच्या मनानें घेतलें, आणि शोधाअंतीं तें बरेंचसें खरें निघालें.

प्रथम अस्सल वस्तु कशी असते तें पाहूं. मार्टिनी-हेनरी या जोडनांवांत दोन माणसें आहेत. काडतूस मागच्या बाजूनें भरून उडविण्याची रचना स्वित्झर्लंडमध्यें स्थायिक झालेल्या फ्रीड्रिख फॉन मार्टिनी या यंत्रज्ञाची. तीहि पीबडी नांवाच्या एका अमेरिकन कारागिराच्या कल्पनेवरून सुधारलेली. नळी एडिंबरोच्या अलेक्झांडर हेनरीची. बंदुकीच्या पोटाखालीं एक दांडी असते. ती खालीं ओढली म्हणजे आंतला पोलादी ठोकळा पुढच्या अंगास खालीं उतरतो, उडालेलें काडतूस बाहेर फेकलें जातें, नवें सारावें आणि दांडी वर दाबून घोडा ओढावा, कीं काम झालें. नळीचें तोंड ०·४५ इंचाचें, तिच्या आंत सात पेचदार चर, गोळी ४८० ग्रेनची आणि तिच्या पाठीशीं ८५ ग्रेन काळी दारू. संगीन वगळून लांबी सुमारें ४९ इंच. ब्रिटिश फौजेनें ही बंदूक इ. स. १८७१ मध्यें स्वीकारली आणि पुढें तिच्या एकंदर चार आवृत्त्या निघाल्या. तिच्या उजव्या अंगावर मुकुटाचा ठसा, त्याखालीं 'व्ही. आर.' हीं व्हिक्टोरिया राणीचीं अक्षरें, मग कारखान्याचें नांव, साल आणि आवृत्तीचा आंकडा अशी ओळीनें मांडणी असते. कारखान्यांत हे सर्व ठसे तयार साच्यांनीं, एका दाबानें उठविलेले असत.

आमच्या भाच्याच्या चित्रांतहि हें सर्व यथासांग होतें. मुकुट होता, अक्षरें होतीं, साल होतें. फक्त मुकुट पाहून आम्हांस मोदकाची आठवण झाली, आणि 'एन्फील्ड' या इंग्रजी शब्दांतील 'एन्' हें अक्षर आरशांत पाहावें तसें उलटें निघालें होतें.

या उलट्या अक्षराचा इतिहास पेशावर आणि कोहाट यांच्या दरम्यानच्या डोंगरांत आहे. तेथील आदमखेल आफ्रिदींच्या मुलखांत, दर्रा आदमखेल या गांवीं आणि भोंवतालच्या वस्त्यांत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून बंदुका बनविण्याचा धंदा चालत आला आहे. सरहद्दीवरच्या माणसास बंदूक ही चैनीची वस्तु नव्हती. घराण्याघराण्यांतील वैरें पिढ्यान् पिढ्या चालत, वर इंग्रजांच्या मोहिमा होत्याच. ज्याच्या हातीं चांगली बंदूक त्याची जमीन, त्याचें पाणी व त्याची अब्रू शाबूत, असा तेथला हिशेब. चांगल्या बंदुका मिळविण्याचे मार्ग दोन : एक छावण्यांतून चोरणें, आणि दुसरा मस्कतेहून मकराणच्या किनाऱ्यावर चोरून उतरणारा माल विकत घेणें. छावण्यांतील चोऱ्या इतक्या सफाईनें होत कीं सरहद्दीवरचे गोरे शिपाई रात्रीं बंदूक सांखळीनें अंगाशीं बांधून निजत. समुद्रावरचा मार्ग इंग्रजांच्या आरमारानें पहिल्या महायुद्धापूर्वींच्या वर्षांत पहारे बसवून बराच आंवळला. मग उरला तिसरा मार्ग, म्हणजे घरींच बनविण्याचा.

कानस, ऐरण, भाता आणि हातानें फिरवावयाचें गिरमिट एवढ्या सामग्रीवर दर्ऱ्याच्या लोहारांनीं जें करून दाखविलें तें पाहून थक्क व्हावें. मोडक्या यंत्रांचें आणि रुळांचें लोखंड घ्यावें, समोर एक अस्सल मार्टिनी ठेवावी, आणि कानशीनें घांसघांसून तिच्या एकेका भागाची नक्कल उतरवावी. नमुन्यावर जें जें होतें तें तें नकलेवर आलें; ठसेहि आले. इंग्रजी वाचतां न येणाऱ्या कारागिरास अक्षर म्हणजे एक नक्षी. 'एन्'ची तिरपी रेघ डावीकडून उजवीकडे उतरते कीं उजवीकडून डावीकडे, हा भेद त्याच्या दृष्टीनें वेलबुट्टीच्या पानासारखा. 'मक्षिकास्थाने मक्षिका' म्हणून आपण नकलनविसास हंसतों. येथें माशी जागच्या जागीं बसली होती, मात्र तिचें तोंड फिरलें होतें.

दुसरी एक चूक याहून मौजेची. व्हिक्टोरिया राणी २२ जानेवारी १९०१ रोजीं निवर्तली. त्यापुढें मुकुटाखालीं एडवर्डचीं किंवा जॉर्जचीं अक्षरें यावयाचीं. परंतु दर्ऱ्यांत राणी अमर होती. एका नमुन्यावरचें 'व्ही. आर.' दुसऱ्या नमुन्यावरच्या नव्या सालाशीं बिनदिक्कत जोडलें गेलें, आणि तिच्या मरणानंतर बरींच वर्षें तिच्या नांवाच्या बंदुका निघत राहिल्या. सनदेंत मेलेल्या कारकुनाची सही सांपडावी, तशांतलाच हा प्रकार.

येथें एक गोष्ट मात्र न्यायाच्या दृष्टीनें बोलली पाहिजे. या बंदुकांस सरसकट 'बनावट' म्हणणें आम्हांस पटत नाहीं. ज्या आफ्रिदीनें ती बनविली आणि ज्या वझिरी माणसानें ती घेतली, त्या दोघांनाहि ती दर्ऱ्याची आहे हें ठाऊक होतें. ती कोणाच्या दिवाणखान्यासाठीं नव्हती. ती वैऱ्यावर झाडण्यासाठीं होती, आणि ठसा हा मालाच्या रुबाबाचा एक भाग होता. फसवणूक सुरू झाली ती गिऱ्हाईक बदललें तेव्हां. इ. स. २००१ नंतर अफगाणिस्तानांत अमेरिकन, इंग्रज व इतर फौजा वीस वर्षें राहिल्या. छावण्यांच्या आश्रयानें बाजार भरूं लागले, आणि घरीं परततांना कांहीं तरी आठवण न्यावी अशी इच्छा असलेले तरुण शिपाई जुन्या बंदुकांस चांगला पैसा देतात हें तेथील दुकानदारांनीं लवकरच ओळखलें. त्यांत अमेरिकेच्या एका कायद्यानें भर घातली. इ. स. १९६८ च्या त्या कायद्यान्वयें इ. स. १८९८ किंवा त्यापूर्वीं बनलेली बंदूक पुराणवस्तु गणली जाऊन तेथील बहुतेक निर्बंधांतून सुटते. तेव्हां बंदुकीवरचें साल हा तिचा सर्वांत महाग भाग होऊन बसला ! कालपर्यंत जें साल केवळ नक्षी होतें तें आतां जाणूनबुजून ठोकलें जाऊं लागलें. लोहार तोच आणि ऐरणहि तीच. पण हेतु पालटतांच मालाची जात पालटली. तेच शिपाई मायदेशीं परतल्यावर, किंवा त्यांच्यामागें त्यांच्या घरचीं माणसें, त्या बंदुका लिलावांत मांडतात, आणि बहुतेक वेळां अगदीं शुद्ध मनानें मांडतात. विकणारा प्रामाणिक आहे एवढ्यानें वस्तु अस्सल ठरत नाहीं, हें गिऱ्हाइकानें ध्यानांत धरावें.

खरें आणि खोटें यांच्या मध्यें आणखीहि कांहीं प्रांत आहेत. काबूलचा अमीर अब्दुर रहमान यानें एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत विलायती यंत्रें व यंत्रज्ञ आणून आपल्या राजधानींत शस्त्रांचा कारखाना काढला, व तेथें मार्टिनी जातीच्या बंदुका बनत. त्या इंग्रजी नव्हेत, पण खोट्याहि नव्हेत; त्या एका स्वतंत्र राज्याच्या राजमान्य कारखान्यांतल्या आहेत. उलटपक्षीं अफगाणांची लांब नळीची व वांकड्या दस्त्याची जेझाइल घ्या. तिच्यावर ईस्ट इंडिया कंपनीच्या बंदुकीची अस्सल कळ बसविलेली पुष्कळदां आढळते, कारण चकमकीची कळ बनविणें अवघड आणि लुटींत मिळालेली कळ फुकट. येथें कळ इंग्लंडची, नळी व दस्ता अफगाणी, आणि तरीहि सबंध वस्तु अस्सलच, कारण जेझाइल अशीच असे. पण तशाच कळेची नक्कल करून ती नव्या लांकडावर चढविली तर ती खोटी. कंपनीच्या कळा ओळखण्यास सनावळीचाच उपयोग होतो. कंपनीचें जुनें चिन्ह हृदयाच्या आकाराचें असून त्यांत तिच्या नांवाचीं आद्याक्षरें व वर इंग्रजी चारासारखी आकृति असे, इ. स. १८०८ च्या सुमारास तें जाऊन मागच्या पायांवर उभा राहिलेला, पंजांत मुकुट धरलेला सिंह आला. सिंह असून त्याखालीं १७९५ साल दिसलें, तर तो सिंह फार घाईनें जन्मला असें समजावें.

आतां आमच्या भाच्याच्या प्रश्नाकडे वळूं. कारण उलट्या 'एन्'नें बंदुकीचा निकाल लागला, पण मैवंदच्या कथेचा लागला नाहीं. समजा, ठसा निर्दोष असता. समजा, बंदूक खरोखरच एन्फील्डची असती. तरी ती मुंबईच्या ग्रेनेडियर शिपायाची असूं शकली असती काय ?

या प्रश्नाचें उत्तर इ. स. १८५७ पासून सुरू होतें. त्या वर्षींच्या उठावांत काडतुसाचें निमित्त झालें तें इ. स. १८५३ च्या नमुन्याच्या एन्फील्ड बंदुकीच्या काडतुसाचें, हें शाळकरी मुलासहि ठाऊक आहे. त्या बंदुकीच्या ०·५७७ इंचाच्या नळींत तीन पेचदार चर होते, आणि त्यांमुळेंच ती जुन्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीच्या कितीतरी पट लांब व नेमका मारा करी. उठाव मोडल्यावर इंग्रजांनीं हिंदी पलटणींचें काय करावें याचा पुष्कळ खल केला. डोंगरी तोफखान्याच्या थोड्या तुकड्या वगळतां तोफा हिंदी हातांतून काढून घेण्यांत आल्या. बंदुका काढून घेतां येईनात, कारण बंदुकीवांचून पलटण कसली ? तेव्हां एक निराळीच युक्ति निघाली. एन्फील्डच्या नळीचे चर खरवडून तिचें तोंड ०·६५६ इंचाचें व आंतून गुळगुळीत करण्यांत आलें, दूरच्या माऱ्याची मागची माशी काढून साधी बसविली, आणि ती बंदूक हिंदी शिपायाच्या हातीं दिली. पुढच्याच वर्षीं मुळांतच गुळगुळीत नळीचा असा नमुना मुद्दाम घडविण्यांत आला.

वाचकांनीं ही बंदूक डोळ्यांपुढें आणावी. कवाइतीच्या मैदानावर दहा पावलांवरून पाहणारास गोऱ्या पलटणीची बंदूक आणि काळ्या पलटणीची बंदूक यांत कांहींएक फरक दिसत नसे. तेंच लांकूड, तींच पितळी बोंडें, तेंच घाटदार पोट. फरक नळीच्या पोकळींत होता, आणि तो गोळी सुटल्यावर कळे. राज्यकर्त्यांचा अविश्वास किती खोल गेला होता याचें इतकें नेमकें माप आम्हांस कोणत्याहि जाहीरनाम्यांत आढळलें नाहीं. अशा बंदुका आज लिलावांत 'सत्तावनच्या बंडांतील एन्फील्ड रायफल' म्हणून येतात. त्या बंडांतील नसतात, बंडानंतरच्या असतात. आणि शब्दाच्या खऱ्या अर्थानें त्या रायफलीहि नसतात, कारण रायफल म्हणजे चर पाडलेली नळी. कित्येक गिऱ्हाइकें नळींत डोकावून चर न दिसल्यामुळें 'ही खोटी' म्हणून ती टाकून देतात. ती अगदीं खरी असते. तिच्याविषयीं सांगितलेली गोष्ट तेवढी खोटी असते.

या धोरणाची दुसरी बाजू अशी, कीं हिंदी शिपायाच्या हातीं नेहमीं एक पिढी मागची बंदूक असे. इ. स. १८६६ मध्यें ब्रिटिश फौजेनें स्नायडर पद्धति घेतली. म्हणजे जुन्या एन्फील्डचाच मागचा भाग कापून त्यास बिजागरीचें झांकण बसविलें व काडतूस मागून भरण्याची सोय केली. गोऱ्यांच्या हातीं मार्टिनी आल्यावर या स्नायडर हिंदी पलटणींकडे उतरल्या. गोऱ्यांस लि-मेटफर्ड मिळाल्यावर मार्टिनी हिंदी पलटणींकडे आल्या. इ. स. १९१४ च्या शरदांत हिंदी फौज फ्रान्सच्या मार्सेय बंदरांत उतरली, तेव्हांहि तिच्या जवळच्या जुन्या नमुन्याच्या बंदुका बदलून तिला नव्या द्याव्या लागल्या.

२७ जुलै १८८० रोजीं मैवंदच्या उघड्या माळावर जनरल बरोजचें सुमारें अडीच हजारांचें सैन्य अयूबखानाच्या कितीतरी मोठ्या फौजेपुढें उभें होतें. पायदळाच्या तीन पलटणी होत्या : गोरी सहासष्टावी, मुंबईची पहिली ग्रेनेडियर, आणि मुंबईचीच तिसावी, जिला जेकबची रायफल पलटण म्हणत. यांपैकीं मार्टिनी-हेनरी होती ती एकट्या सहासष्टाव्या पलटणीकडे. ग्रेनेडियर आणि जेकबचे शिपाई स्नायडर घेऊन लढले. सबंध दिवस उन्हांत, पाण्यावांचून, अफगाणांच्या तोफांखालीं ते पडून होते; दुपारनंतर फळी फुटली आणि नऊशेंहून अधिक माणसें त्या माळावर व कंदाहारच्या वाटेवर पडलीं. पडलेल्यांच्या शेंकडों बंदुका अफगाणांच्या हातीं लागल्या हें खरें, आणि त्यांत मार्टिनीहि होत्या हेंहि खरें. परंतु त्या गोऱ्या शिपायांच्या होत्या. हिंदी शिपायाच्या हातून मैवंदला मार्टिनी हिसकावली, हें वाक्य ज्यानें लिहिलें त्यानें एक खोटी बंदूक आणि एक खोटी गोष्ट एकमेकींच्या आधारानें उभी केली होती.

विकणारास हें ठाऊक असेल असें आम्हांस वाटत नाहीं. गोष्टी वस्तूंना चिकटतात, आणि एकदां चिकटल्या कीं वस्तूहून अधिक टिकतात. या बाबतींत दुसऱ्यांस हंसण्याचा अधिकार आपणांस फारसा नाहीं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांतील वाघनखें इ. स. २०२४ च्या जुलै महिन्यांत सातारच्या संग्रहालयांत कांहीं वर्षांच्या मुदतीनें आलीं, तेव्हां तीं पाहण्यास लोटलेल्या गर्दींत आम्हीहि होतों. त्यांचा शिवछत्रपतींशीं संबंध जोडणारा मुख्य आधार म्हणजे पेटीवरचा मजकूर. सातारचा रेसिडेंट असतांना जेम्स ग्रँट डफ यास तीं पेशव्याच्या मुख्य प्रधानानें दिलीं असें तो सांगतो, आणि महाराजांनीं ज्यास मारिलें तो सरदार मोगलांचा होता असेंहि सांगतो ! अफझलखान विजापूरकरांचा सरदार होता, आणि ग्रँट डफ साताऱ्यास रेसिडेंट झाला तेव्हां पेशवाई बुडाली होती. ज्या संग्रहालयाकडे तीं आहेत त्यानेंच 'तींच हीं' याची खात्री देतां येत नाहीं असें म्हटलें आहे. वाघनखें जुनीं नाहींत असें कोणीच म्हणत नाहीं. प्रश्न लोखंडाचा नाहीं, पेटीवरच्या मजकुराचा आहे. असो.

लिलावांतल्या बंदुकीपुढें बसलेल्या माणसानें मग पाहावें तरी काय ? आमच्या मतें ठसा शेवटीं पाहावा. विकणारा चित्र घेतो तें ठशाचें, कारण तोच मोहक. आपण मागावें तें नळीच्या तोंडाचें, कारण चर कारखान्यांतल्या यंत्राचे कीं हातानें ओढलेले हें तेथें दिसतें, आणि हातानें ओढलेल्यांचें अंतर सारखें नसतें. मग दस्त्याच्या आंत दडलेली नळीची खालची बाजू, आणि कळेच्या पट्टीची आंतली बाजू. तेथें कारागिराच्या खुणा, तपासनिसाचे बारीक ठसे व आंकडे असतात, आणि नक्कल करणारानें तो भाग बहुधा कोराच सोडलेला असतो, नाहीं तर त्यावर कानशीचे ओरखडे तसेच असतात. मळसूत्रांच्या खाचा पाहाव्या. गंज पाहावा : वर्षानुवर्षांचा गंज लांकूड व लोखंड जेथें भेटतात तेथें अधिक, व हात जेथें फिरतो तेथें कमी असतो, तेजाबानें चढविलेला सर्वत्र सारखा. आणि या सगळ्या साक्षी एकमेकींशीं जुळतात कीं नाहीं तें पाहावें. एखाद्या भागावरचा आंकडा दुसऱ्या भागावरच्या आंकड्याहून निराळा, एवढ्यानें बंदूक खोटी होत नाहीं. पलटणीच्या शिकलगारानें मोडका भाग बदलला असेल. परंतु इतर सर्व खुणांनीं झिजलेल्या बंदुकीवर एकटा मुकुटच टवटवीत असेल, तर त्याला विचारावें कीं बाबा, तूं कोठून आलास ? हौसेनें अशी बंदूक घेऊन तींत काडतूस घालण्याचा मोह मात्र कोणी धरूं नये. रुळाच्या लोखंडाची नळी तोंडाशीं फुटते.

आपल्या वाचकांस एका जातीच्या बंदुकांच्या बाबतींत इंग्रज-अमेरिकन गिऱ्हाइकांहून अधिक सोय आहे. इ. स. २००३ मध्यें काठमांडूच्या लगन सिलेखान्यांत दीडशें वर्षांपासून सांचलेला नेपाळ दरबारचा प्रचंड शस्त्रसांठा अमेरिकन व्यापाऱ्यांनीं विकत घेतला. तेथून निघालेल्या हजारों बंदुका अद्यापि लिलावांत फिरत असतात. त्यांत इंग्रजांनीं दिलेल्या अस्सल मार्टिनी आहेत, आणि जनरल गहेंद्र शमशेर राणा यानें योजिलेली, बाहेरून मार्टिनीसारखी पण आंतून निराळी, अशी नेपाळची स्वतःची बंदूकहि आहे. यांच्या नळ्यांवर आंकडे व पलटणींचीं नांवें देवनागरींत कोरलेलीं असतात. परदेशी विकणारे त्यांस 'पौर्वात्य चिन्हें' म्हणून सोडून देतात, तीं आपला मुलगाहि वाचील. एवढेंच कीं साल असल्यास तें विक्रम संवताचें समजावें, नाहीं तर छप्पन-सत्तावन वर्षांची चूक होईल.

हें सर्व आम्हीं भाच्यास कळविलें. त्यानें विकणाराकडे नळीच्या तोंडाचें चित्र मागितलें. उत्तरादाखल मुकुटाचें आणखी मोठें चित्र आलें. त्यानें बोली केली नाहीं, आणि शेवटच्या पांच मिनिटांत दोन अनोळखी माणसांनीं ती बंदूक चढाओढीनें बरीच वर नेली, असें त्यानें लिहिलें. लिहिण्यांत थोडी खंत होती.

आम्हीं मग त्याच्या वडिलांकडून त्या पदकाचें चित्र मागविलें. अफगाण युद्धाचें तें पदक. एका बाजूस राणी, दुसऱ्या बाजूस डोंगरवाटेनें चाललेलें सैन्य व पाठीवर तोफ घेतलेला हत्ती. त्या युद्धांतील कांहीं लढायांच्या नांवाच्या रुप्याच्या पट्ट्या पदकावर लावण्याची चाल होती. मैवंदची पट्टी मात्र सरकारनें काढलीच नाहीं, कारण पराभवाची पट्टी कोण काढतो? पदकाच्या कडेवर बारीक इंग्रजी अक्षरांत शिपायाचा आंकडा, नांव व पलटण कोरलेली आहे. नांव चुकलेलें आहे. कोरणारास मराठी येत नव्हतें, आणि जें कानीं पडलें तें त्यानें आपल्या परीनें उतरविलें. घरच्या मंडळींनाहि तें नांव दोनदां वाचावें लागतें. दर्ऱ्याच्या लोहारास इंग्रजी येत नव्हतें आणि या कोरणारास मराठी. तरी एकाची चूक बंदुकीस खोटी ठरविते, आणि दुसऱ्याची चूक पदकास उलट बळकटी देते, कारण लंडन-कलकत्त्याच्या कचेऱ्यांतून त्या काळीं हिंदी शिपायाचें नांव तसेंच चुकून निघावयाचें. हें आम्ही भाच्यास समजावून सांगितलें तेव्हां तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग, "मामा, तें पदक बाबांना बँकेच्या पेटींत ठेवायला सांगा," एवढेंच म्हणाला.

परवां त्याचें पुन्हां पत्र आलें. दुसऱ्या एका लिलावांत एक स्नायडर निघाली आहे. विकणारानें तिच्याविषयीं अफगाणिस्तानांतून आली यापलीकडे कांहींच म्हटलेलें नाहीं, ही गोष्ट आम्हांस बरी वाटली. चित्रें चार आहेत. झांकणाची बिजागरी नीट दिसते, दस्त्याचें लांकूड जुनें वाटतें, आणि कळेवरचें साल पुसट झालें आहे. नळीच्या तोंडाचें चित्र त्यानें मागितलें आहे. तें अजून आलेलें नाहीं.